घाटात धाप लागणारी जुनी टर्बो सेडान

धामणोद मागे पडून मानपूरचा घाट सुरू झाला, की तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर गाडीचा जोर एकाएकी नाहीसा होतो. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी टॅकोमीटरचा काटा तीन हजार फेऱ्यांपुढे सरकत नाही, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि इतका वेळ आरशात ठिपक्याएवढा दिसणारा भरलेला ट्रक हॉर्न देत बंपरला येऊन भिडतो. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, पाच मिनिटे थांबून पुन्हा चालू करावे, तर जणू काही घडलेच नाही अशा थाटात ती महूपर्यंत आणि तिथून इंदूरला रामबागेतल्या घरापर्यंत बिनतक्रार येते. शिरपूरला सासुरवाड असल्यामुळे आग्रा-मुंबई रस्त्यावरचा हा प्रवास मला महिन्यातून एकदा तरी घडतो, आणि दोन वर्षांत हा प्रकार चार वेळा झाला. प्रत्येक वेळी दुरुस्ती झाली, बिल चुकते केले, आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच घाट आणि तोच पिवळा दिवा. या दुखण्याचे मूळ अखेर कुठे सापडले, ते शोधताना मी कुठे चुकलो आणि अशी गाडी बाळगण्याचा खर्च नेमका कशात होतो, ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

गाडी २०११ मध्ये नोंदणी झालेली, १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची, १६० अश्वशक्तीची, सहा गिअरांची मॅन्युअल सेडान आहे. मी ती २०२१ मध्ये ८२ हजार किलोमीटर झालेली असताना घेतली आणि आता आकडा सव्वा लाखाला टेकला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे सांगणार आहे ते कुठल्याही एका कंपनीचे पाप नसून, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि पंधरा वर्षे जुने रबर एकत्र नांदत असलेल्या कोणत्याही गाडीला लागू आहे. आपल्याकडे अशा गाड्या मुळातच थोड्या. २०२० मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ या सेडानच्या तर संपूर्ण भारतासाठी केवळ २०० गाड्या आणल्या होत्या. त्यामुळे शहरातल्या एखाद्या मिस्त्रीच्या हाताखालून अशा दहा-वीस गाड्या गेल्या असतील अशी अपेक्षा धरणेच चूक आहे, आणि म्हणूनच मालकाला स्वतःच्या गाडीचे थोडेफार वैद्यक शिकून घ्यावे लागते.

जोर असा एकाएकी जाण्याला 'लिंप मोड' म्हणतात; प्रथम तो म्हणजे काय ते स्पष्ट करतो. गाडीचे संगणकीय नियंत्रण, म्हणजे ईसीयू, प्रत्येक क्षणी टर्बोकडून ठरावीक दाब मागत असते आणि मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपावरच्या) सेन्सरने तो दाब प्रत्यक्षात मिळाला की नाही ते मोजत असते. मागणी आणि पुरवठा यांतली तफावत काही सेकंद टिकून राहिली, की ईसीयू एक कोड नोंदवते (कमी दाबाचा असेल तर पी०२९९, जास्त दाबाचा असेल तर पी०२३४) आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून टर्बोचा दाब अगदी खाली आणून ठेवते. इंजिन बंद करून पुन्हा चालू केले, की हे बंधन उठते. कोड मात्र नोंदवहीत तसाच राहतो. म्हणजेच जोर जाणे हा बिघाड नव्हे, ती बिघाडावर गाडीने स्वतःच केलेली उपाययोजना आहे. स्कॅनर लावून कोड पुसणे आणि 'हो गया साहब' म्हणणे ही ताप मोजून थर्मामीटर झटकण्यासारखी दुरुस्ती होते, आणि माझी पहिली दुरुस्ती नेमकी तीच होती. तिचे पाचशे रुपये पडले.

बिघाड शोधण्यापूर्वी हवामानाचा वाटा वजा करायला हवा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे हवेचा दाब साधारण ९५० मिलिबार असतो. चावी चालू आणि इंजिन बंद अशा स्थितीत मॅनिफोल्डचा सेन्सर हाच आकडा दाखवायला हवा. तो १०१३ दाखवत नाही म्हणून सेन्सर बदलणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला, की २० अंशांच्या हवेपेक्षा घनता सुमारे सात टक्क्यांनी घटते, आणि इंटरकूलरमधून इंजिनात जाणारी हवा ६०-७० अंशांपर्यंत तापली तर ईसीयू ठिणगीची वेळ मागे घेते, म्हणजे ठिणगी उशिरा पाडते. या सगळ्यामुळे उन्हाळ्यात दुपारी गाडी थोडी मंद वाटणे हे निसर्गाचे काम आहे, गॅरेजचे नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे. उष्णतेने येणारी मंदी हळूहळू येते आणि इंजिन बंद-चालू केल्याने जात नाही. लिंप मोड मात्र एका झटक्यात येतो आणि चावीने जातो.

दुसऱ्या वेळी मॅनिफोल्डचा दाब-सेन्सर बदलला गेला आणि तिसऱ्या वेळी टर्बोचा दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. दोन्ही सुटे भाग जुने असूनही निर्दोष होते, हे मला पुढे कळले. आजही ते माझ्या कपाटात आहेत. तिसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून, टर्बोवर टॉर्च मारून, फारसा वेळ न घालवता निकाल दिला : "टर्बो गया समझो, भाईसाहब. नया डलेगा, सवा लाख रख के चलो." त्या दिवशी सवा लाख मोजले असते, तर नवा टर्बो घेऊनही पुढच्या महिन्यात मी त्याच वळणावर उभा राहिलो असतो.

टर्बो खरोखर गेला आहे की नाही, हे पाहायला पंधरा मिनिटे लागतात. हवा आत जाणारा पाइप काढून, इंजिन थंड असताना, पंख्याचा दांडा दोन बोटांत धरावा. आडवा, म्हणजे वर-खाली, किंचित हलला तर काळजी नाही, कारण तो दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो आणि इंजिन बंद असताना ते तेल निथळलेले असते. पण तो आत-बाहेर सरकत असेल, किंवा पंख्याची पाती घराच्या भिंतीला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर मात्र मिस्त्रीचे म्हणणे खरे. याच्या जोडीला, सिग्नलवर दोन-तीन मिनिटे उभे राहून निघताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, तेही पाहावे. माझ्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते.

इथून पुढे अंदाज सोडून आकड्यांकडे वळलो. हजार-बाराशे रुपयांत मिळणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारे यंत्र) आणि मोबाइलवरचे एखादे ॲप एवढे साहित्य पुरते. पिथमपूरला २०२१ मध्ये खुला झालेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर असला तरी तो कारखानदारांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. म्हणून पहाटे रिकाम्या, सरळ आणि सौम्य चढाच्या रस्त्यावर, शेजारी दुसरी व्यक्ती मोबाइल सांभाळत असताना, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून चार हजार फेऱ्यांपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून नोंद घ्यावी. एवढ्यात गाडी ताशी शंभरच्या आत राहते. घाटात ही चाचणी मुळीच करू नये.

नोंदीत चार रकाने पाहायचे : मागितलेला दाब, मिळालेला दाब, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरचा प्रवाह आणि ठिणगीची मागे घेतलेली वेळ. या चार रकान्यांतून जवळजवळ संपूर्ण निदान होते, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. मागितलेला दाबच कमी-कमी होत असेल, तर दोष टर्बोच्या यंत्रणेत नाही. ईसीयू उष्णता, हलक्या प्रतीचे पेट्रोल किंवा इतर एखाद्या सेन्सरच्या तक्रारीमुळे स्वतःच हात आखडता घेत आहे. मागितलेला दाब मिळतो आहे आणि तरीही गाडी ओढत नाही, तर ठिणगी किंवा पेट्रोलचा दाब तपासावा. मागणी जास्त आणि पुरवठा कमी असेल, तर एक तर टर्बो हवा कमी दाबतो आहे (वेस्टगेट, म्हणजे धुराला टर्बो टाळून बाजूने सोडणारी झडप, पूर्ण मिटत नाही), किंवा दाबलेली हवा वाटेत गळते आहे. या दोन शक्यतांमधला भेद हवेच्या प्रवाहावरून होतो. वेस्टगेट उघडे राहिले तर दाब आणि प्रवाह दोन्ही कमी दिसतात. गळती असेल तर हवा मोजली जाते पण इंजिनापर्यंत पोहोचत नाही, म्हणून दाब कमी आणि प्रवाह त्या मानाने जास्त दिसतो. पूर्ण जोरावर प्रतिसेकंद जितके ग्रॅम हवा जाते त्याला ०.८ ने भागले, की ढोबळ अश्वशक्ती मिळते. म्हणजे १६० अश्वशक्तीला साधारण १३० ग्रॅम. माझ्या नोंदीत चार हजार फेऱ्यांना मागणी १७५० मिलिबारची, पुरवठा १४८० चा आणि प्रवाह मात्र निरोगी गाडीला शोभेल असा होता. हवा गळत होती.

तीन गॅरेजना ती गळती का दिसली नाही, याचे उत्तरही यातच आहे. उभ्या गाडीत, इंजिन रिकामे चालत असताना, थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडच्या पाइपांत जवळपास दाबच नसतो. रबराची चीर मिटलेली राहते. घाटात मात्र सलग काही मिनिटे पूर्ण दाब टिकतो, बॉनेटखाली रबर तापून मऊ पडते आणि ती चीर ओठांसारखी उघडते. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना दाब चार-पाच सेकंदच राहतो. तेवढ्यात ईसीयूच्या सहनशीलतेची मुदत संपत नाही, म्हणून दिवा लागत नाही. पहिला सुगावा मला स्कॅनरने नव्हे, पत्नीने दिला होता. ती शेजारी बसलेली असताना एकदा म्हणाली, "चढावर माझ्या पायापाशी शिट्टी वाजते, तुम्हाला ऐकू येत नाही का?" मी गाण्याचा आवाज कमी करण्याऐवजी तिला टर्बोची शिट्टी असते असे समजावले होते. हा माझा अपराध मी इथे नोंदवून ठेवतो.

गळती शोधायला स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून तो कुठून निसटतो ते पाहण्याची चाचणी, करून घ्यावी. इंदुरात युरोपीय गाड्यांची कामे करणाऱ्या गॅरेजमध्ये माझ्याकडून तिचे दीड हजार घेतले. पण ही चाचणी अत्यंत कमी दाबावर होते, म्हणून दाबाखालीच उघडणारी चीर तीत निसटू शकते, आणि माझी पहिल्यांदा निसटलीच. म्हणून घरीच साधन केले. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या हवेच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची टोपी आणली, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून घेतला, ती टोपी एअर फिल्टरच्या पाइपाच्या जागी क्लिपने आवळली आणि टायरच्या पंपाने हळूहळू १० पीएसआयपर्यंत हवा भरली. याहून जास्त दाब देऊ नये. शिवाय क्रँककेसकडे, म्हणजे इंजिनाच्या पोटाकडे, जाणारी नळी चिमट्याने बंद करावी, नाहीतर हवा तिकडून शिरून इंजिनाची ऑइल सीले उसवण्याची भीती असते. मग साबणाचे पाणी शिंपडत जावे. इंटरकूलरच्या खालच्या टोकाशी, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे सहसा कुणाचा हात पोहोचत नाही, तिथे होस पाइपाच्या पोटाखाली फेसाचा मोठा बुडबुडा आला. बोट फिरवले तर दीड इंचाची चीर आणि सगळा पाइप तेलाने चिकट. नवा होस अठराशे रुपयांत आला, मजुरी सातशे झाली, आणि मी विजयी मुद्रेने शिरपूरला जाऊन आलो.

आठ महिन्यांनी चौथ्यांदा तोच घाट, तोच दिवा. या वेळी होस फाटला नव्हता, इंटरकूलरच्या तोंडावरून निम्मा सरकला होता. ही वेळ माझ्यासाठी खरी शिकवणीची ठरली, कारण तेव्हा कुठे मी स्वतःला विचारले, की हवेच्या पाइपात इतके तेल आलेच कुठून. फाटलेला होस हा साखळीतला शेवटचा दुवा होता. मी तेवढाच बदलला आणि साखळी तशीच ठेवली.

इंजिनाच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये, पिस्टनच्या बाजूने थोडा वायू सतत झिरपत असतो. तो तेलाच्या वाफेसह पीसीव्ही नावाच्या व्हॉल्व्हमधून गाळून पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी सोडला जातो. त्या व्हॉल्व्हमध्ये पातळ रबरी पडदा असतो, आणि दहा-बारा वर्षांच्या उष्णतेने तो तडकतो. पडदा फाटला, की तेल आणि वायू वेगळे करण्याचे काम बिघडते, तेलाचे तुषार टर्बोच्या तोंडाशी ओढले जातात, तिथून ते इंटरकूलरमध्ये जातात आणि सर्वांत खालच्या जागी साचतात. ती सर्वांत खालची जागा म्हणजे नेमकी माझ्या होसची. तेलात सतत भिजलेले रबर फुगते, मऊ पडते, आणि नवे असले तरी गुळगुळीत तोंडावरून सरकते. पीसीव्ही तपासण्याची घरगुती रीत अशी : इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. निरोगी इंजिनात ते सहज निघते आणि इंजिनाचा सूर जेमतेम बदलतो. पडदा फाटला असेल तर आतून ओढ इतकी असते, की झाकण उपटावे लागते आणि कधी कधी बासरीसारखा बारीक सूरही येतो. माझे झाकण दोन्ही हातांनी निघाले.

पीसीव्ही साडेपाच हजारांना मिळाला. तो बसवताना मिस्त्रीकडून आणखी दोन गोष्टी आग्रहाने करून घेतल्या, आणि त्या न करता नुसता भाग बदलणे म्हणजे पुन्हा आठ महिन्यांची मुदत घेणे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली, इंटरकूलर काढून त्यातले तेल ओतून टाकले. माझ्या इंटरकूलरमधून पाऊण कप निघाले. दुसरी, होस आणि धातूचे तोंड दोन्ही डीग्रीझरने कोरडे पुसून, जुनी ढिली क्लिप फेकून, सारखा ताण धरणारी स्प्रिंगची क्लिप लावली. साधी स्क्रूची क्लिप जोर लावून आवळली, की रबराला कापते. ढिली ठेवली, की सरकते. आणि आपल्याकडे आवळण्याचीच हौस अधिक.

पण पीसीव्हीवर भार का पडला, हा प्रश्न उरतोच. पडदा वयाने फाटला असेल तर ठीक; पिस्टनच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्येच जास्त वायू येत असेल, तर नवा पीसीव्हीही फार दिवस टिकणार नाही. म्हणून कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते, मोजून घेतले. चारही सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआयमध्ये आले, म्हणजे एकमेकांशी जुळणारे. त्याचबरोबर डिपस्टिकवर खूण करून हजार किलोमीटरचा तेलाचा खप मोजला. तो पीसीव्ही बदलण्यापूर्वी चारशे मिली होता, नंतर दीडशेवर आला. अनेक उत्पादक हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानतात, पण तो आकडा वाचून निश्चिंत होऊ नये. अर्धा लिटर गृहीत धरला तर इंदूर-धुळे अशा चार-पाच फेऱ्यांत एक लिटर तेल कमी होते, आणि टर्बोचा दांडा त्याच तेलावर मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेत असतो.

या दुखण्याशी हुबेहूब साम्य असलेले आणखी एक दुखणे आहे, आणि ते स्वतंत्र सांगण्याजोगे आहे. स्पार्क प्लगची फट झिजून वाढली, की सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, परंतु घाटात सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडायला अधिक व्होल्टेज लागते आणि ती विझते. गाडी आचके देते, दिवा लुकलुकतो आणि ईसीयू जोर काढून घेते. इथे कोड पी०३०० ते पी०३०४ यांतला असतो, पी०२९९ नसतो; म्हणूनच कोड पुसण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी. एकाच सिलिंडरची तक्रार असेल तर त्याची कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारा भाग) शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. तक्रार कॉइलबरोबर सरकली तर कॉइल बदलावी, जागेवरच राहिली तर प्लग किंवा इंजेक्टर पाहावा. ही तपासणी फुकटात होते, आणि तरीही बिलावर चारही कॉइल एकदम बदललेल्या दिसतात.

थेट फवारणीच्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जाते, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तो कधी धुतला जात नाही आणि पीसीव्हीतून आलेले तेल त्यावर काजळी होऊन बसते. सकाळी थंड इंजिन पहिला अर्धा मिनिट थरथरत असेल तर संशय इकडे घ्यावा. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी ही काजळी निघत नाही, कारण ते द्रव त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही; मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याचा मारा करणे हाच खात्रीचा इलाज, ज्याचे मला चौदा हजार पडले.

फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू इंधनात किती टक्के भर किंवा घट करते त्याचे, आकडे वाचताना हल्ली एक नवा घोटाळा होतो. एथेनॉलचे प्रमाण वाढले, की तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते, त्यामुळे वीस टक्के एथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या गाडीचा दीर्घकालीन फ्युएल ट्रिम काही टक्क्यांनी वर दिसणे स्वाभाविक आहे. चार-सहा टक्के पाहून कुणी व्हॅक्यूम गळतीचे निदान केले, तर ऐकू नये; दहाच्या वर आकडा गेला आणि तोही इंजिन रिकामे चालत असताना, तर मात्र ऐकावे. जुन्या रबरी इंधन-नळ्या आणि सीले यांचा वास घेत राहणे हीसुद्धा आता देखभालीचाच भाग झाली आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद साखळीसारखा खडखडाट आला, तर टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची वेळ साधणाऱ्या साखळीचा) टेन्शनर त्याच आठवड्यात पाहून घ्यावा, कारण चेन सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. रेडिएटरमध्ये बोअरिंगचे पाणी घालू नये. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचेच मिश्रण घालावे. ड्युअल क्लच गिअरबॉक्स असलेल्यांनी ओल्या क्लचच्या प्रकारात साठ हजार किलोमीटरला तेल बदलावे. कोरड्या क्लचच्या प्रकारात जेल रोडच्या गर्दीत गाडी इंच-इंच पुढे सरकवण्याची सवय मोडावी. घाट चढून माथ्यावर चहाला थांबताना इंजिन एखादा मिनिट रिकामे चालू द्यावे, म्हणजे टर्बोच्या नळीतले तेल जागच्या जागी जळून कोळसा होत नाही. पुस्तिकेत तेल पंधरा हजारांना बदला असे लिहिले असले, तरी आपली धूळ आणि उन्हाळा पाहता मी साडेसात हजारांना बदलतो, आणि ते गाडीच्या कंपनीची योग्य मान्यता असलेलेच घेतो.

खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा मलाच आश्चर्य वाटले. या एका दुखण्यावर दोन वर्षांत साधारण अडतीस हजार गेले. त्यांतले खऱ्या कामाचे, म्हणजे होस, पीसीव्ही, क्लिपा, चाचण्या आणि मजुरी मिळून, तेरा हजार होते. उरलेले पंचवीस हजार निर्दोष सेन्सर, निर्दोष व्हॉल्व्ह आणि कोड पुसण्यात गेले. नेहमीचा खर्च वेगळाच : वर्षाला दोनदा तेल आणि फिल्टर मिळून पंधरा-सोळा हजार, सस्पेन्शनचे बुश आणि इंजिन माउंट यांचे दर दोन-तीन वर्षांनी वीस हजारांच्या घरात, आणि शंभरी ओलांडलेले पेट्रोल. विम्याकडून या बाबतीत काही अपेक्षा धरू नये, कारण झिजेने आलेला यांत्रिक बिघाड त्यात येत नाही, आणि अपघातात बदललेल्या रबर-प्लास्टिकच्या भागांवरही निम्मा घसारा कापला जातो. १५०० सीसीवरील इंजिनामुळे जून २०२२ च्या दरानुसार केवळ तृतीय पक्ष विम्याचे ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी लागतो. याखेरीज पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि गाडीला फिटनेस तपासणीतून जावे लागते. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असताना तिथे जाणे शहाणपणाचे नाही. "जावईबापू, एवढ्या पैशांत नवी गाडी नसती का आली?" असे सासरेबुवांनी विचारले, तेव्हा नव्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या घसाऱ्याचा आकडा सांगून मी वेळ मारून नेली. खरे कारण वेगळे होते. चौथ्या गिअरमध्ये अडीच हजार फेऱ्यांवर ही गाडी जशी ओढते, ते त्यांना कागदावर दाखवता येण्यासारखे नव्हते.

पीसीव्ही बदलल्यापासून सहा फेऱ्या झाल्या, त्यांतल्या दोन ऐन मे महिन्यातल्या दुपारच्या. दिवा लागलेला नाही आणि शेजारच्या सीटवरून शिट्टीची तक्रारही नाही. चार हजार फेऱ्यांना मागणी १७५० असताना पुरवठा आता १७३० च्या आसपास येतो. पाचशे किलोमीटरनंतर क्लिप पाहिली, ती जागची हललेली नव्हती. पाच हजारांनंतर इंटरकूलरच्या खालचा होस उघडला, तर आत चहाच्या चमचाभर तेल होते, जे टर्बोच्या गाडीत चालते. दिवाळीनंतर तो होस पुन्हा उघडणार आहे. तेव्हाही चमचाभरच निघाले तर झाकून ठेवीन. अर्धा कप निघाले, तर कम्प्रेशनवर न थांबता लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून झिरपते ते पाहणारी) करून रिंगांचाच निकाल लावावा लागेल.